दाजींचं ‘होतंय की’

बहिणीच्या नवऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय आपल्याकडे कुणी ठेवलेलीच नाही. जेवताना त्याला आग्रह करावा लागतो, दिवाळीला कपडे करावे लागतात, आणि ‘बघू, काय झालंय त्याला?’ म्हणून त्यानं आपल्या वस्तूकडं हात पुढं केला, तर वस्तू मागं ओढता येत नाही. आमचे दाजी गेली पस्तीस वर्षं याच गैरसोयीवर पोसले गेले आहेत. आमच्या घरचा मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, आईचं शिवणयंत्र, माझी लुना, वडिलांचं श्रवणयंत्र हे सगळं त्यांच्या हातून गेलेलं आहे. ‘हातून गेलेलं’ याचे जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही घ्यावेत.

दाजी मूळचे टर्नर. शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांनी हयात काढली. लोखंडाच्या दांड्यावर नुसता अंगठा फिरवून ‘अर्धं सूत जास्त हाय’ असं सांगणारा माणूस. नंतर व्हर्नियर लावून बघितलं तर खरंच अर्धं सूत जास्त निघायचं. निवृत्त झाल्यावर लेथ कारखान्यात राहिला आणि अंगठा घरी आला. तेव्हापासून मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी कुठलीच वस्तू सुखानं चालू राहिलेली नाही. चालू वस्तू बघितली की दाजींना अस्वस्थ वाटतं. आत काय आहे हे कळल्याशिवाय ती चालतेच कशी, असा त्यांचा प्रश्न असतो.

यात दाजींचा एकट्याचा दोष नाही, हवेचाही आहे. या गावात वस्तू विकत आणण्याआधी ‘आपण करून बघूया का?’ असं विचारायची जुनी खोड आहे. सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणायचा असतो हे सगळ्या देशाला माहीत असताना बाबूराव पेंटरांनी तो कोल्हापुरातच घडवायचा घाट घातला आणि तडीस नेला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला, त्याच्या मागं हा खटाटोप होता. दाजींच्या बोलण्यात बाबूराव पेंटर वरचेवर येतात, आणि नेमके मी ‘दुकानात दाखवूया का?’ असं म्हणालो की येतात. ‘पेंटरांनी दाखवलावता का दुकानात?’ या प्रश्नाला माझ्याकडं आजवर उत्तर सापडलेलं नाही.

दाजींचा मंत्र दोनच शब्दांचा : ‘होतंय की!’ मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून सांगतो, हे वाक्य दिसायला वर्तमानकाळी आहे. त्यात कर्ता नाही, कर्म नाही आणि तारीख तर नाहीच नाही. अर्थ भविष्यकाळी असतो, आणि वस्तू बहुधा भूतकाळात जमा होते.

त्यांची दुसरी खासियत म्हणजे ते कुणालाही आणि कशालाही खऱ्या नावानं ओळखत नाहीत. पेठेत तशी टोपणनावांची पद्धतच आहे, पण दाजींनी ती शेवटाला नेली. एकदा एका लग्नाची पत्रिका आली. निमंत्रकाचं नाव त्यांनी तीनदा वाचलं आणि ‘कोण हा? चुकून आलीया’ म्हणून पत्रिका परत द्यायला निघाले. तो ‘बोका’ निघाला. गेली चाळीस वर्षं ते रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर चहा पीत होते. मी ‘मास्तर’, लॅपटॉप ‘डबडं’, पेनड्राइव्ह ‘काडी’, संगणकावरची कुठलीही फाइल ‘कागद’. त्यांच्या स्वतःच्या काडीत ‘नवा’, ‘नवा नवा’, ‘ह्यो बरोबरचा’ आणि ‘आधीचाच बरा हुता’ अशा नावांचे चार कागद आहेत. चारही लाइटबिलं आहेत.

याच्या अगदी उलट आमची आक्का. तिच्याकडं दुधाची वही असते. नाव दुधाची, पण त्यात सगळं उतरलेलं : गॅस कधी लागला, भिशी कुणाला गेली, कामवालीचे खाडे किती, रिमोटचे सेल कुठल्या तारखेला घातले. मी लॅपटॉप घेतला त्या दिवशी घासाघीस करायला तिला बरोबर नेलं होतं. दुकानातल्या पोरानं यंत्र चालू करून दिलं, एका कागदावर काहीतरी छापून दिलं आणि ‘सर, हे जपून ठेवा’ म्हणाला. मी तो खिशात घालणार तेवढ्यात आक्कानं काढून घेतला. ‘तुझ्या खिशातला कागद धुण्यात जातोय. मी उतरून ठेवतो वहीत.’ आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी जातो, मी ठेवतो’च म्हणतात. बाहेरगावचे लोक दचकतात, मग सवय होते. दाजी त्या वहीला ‘चित्रगुप्त’ म्हणून हसत.

तर २६ एप्रिलची गोष्ट. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे १ मेला निकाल. नववीच्या दोन तुकड्यांचे गुण माझ्या लॅपटॉपमध्ये होते आणि लॅपटॉपमध्येच होते. पुढं कळलं की या तारखेला संगणकाच्या जगातही वाईट नाव आहे. १९९९ साली याच दिवशी सीआयएच नावाच्या विषाणूनं जगभरातल्या असंख्य संगणकांचं बायोस पुसून टाकलं होतं. आमच्याकडं विषाणूची गरज पडली नाही. दाजी होते.

मी आक्काकडं जेवायला गेलो होतो. जेवण व्हायचं होतं म्हणून गुण भरत बसलो आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, ‘हल्ली जरा गरम होतोय हा.’

दाजींनी पेपर खाली ठेवला.

‘पंखा वाजालाय त्याचा. मगापासनं ऐकालोय मी.’ त्यांनी लॅपटॉपच्या पाठीला तळहात लावला, जसा आजारी म्हशीला लावतात. ‘ह्याचं बायस जुनं झालंय, मास्तर.’

बायस म्हणजे बायोस. सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉल नावाच्या माणसानं आपल्या सीपी-एम या प्रणालीसाठी हा शब्द घडवला. विंडोज जागं व्हायच्या आधी यंत्रात जे जागं होतं ते हे. पडदा आहे का, कळा आहेत का, डिस्क कुठं आहे, हे सगळं चाचपून मग ते विंडोजला हाक मारतं. शाळा भरायच्या आधी येऊन कुलपं काढणारा, घंटा आहे का बघणारा, पाण्याची टाकी भरणारा शिपाई असतो, तसा. मुख्याध्यापक न आले तरी शाळा भरते. शिपाई न आला तर सगळे फाटकाबाहेर. हा शिपाई राहतो कुठं, तर मुख्य पाटीवरच्या आठ पायांच्या, डाळीएवढ्या चिपमध्ये. आणि दाजींना या शिपायाची बदली करायची होती, तीही शाळा चालू असताना.

हे ज्ञान त्यांना मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून आलं होतं. कंपनीच्या पानावर खरंच नवी आवृत्ती होती, आणि ‘पंख्याचं नियंत्रण सुधारलं’ असं तिथं लिहिलेलं होतं, हेही खरं. दाजींनी ती काडीत भरून काडी आधीच तयार ठेवली होती. मी गरम होतोय म्हणण्याची ते किती दिवस वाट बघत होते, देव जाणे.

‘दाजी, १ मे नंतर करूया का?’

‘धा मिंटाचं काम हाय. जेवण हुस्तवर होतंय की!’

बॅटरी किती आहे, असं यंत्रानं विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, एकोणचाळीस टक्के. दाजी एकदम गंभीर झाले. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोका पातळी त्रेचाळीस. हे आकडे कोल्हापूरकराच्या रक्तात असतात. ‘इशारा पातळीला हाय,’ ते म्हणाले, ‘चार्जर लावा.’ तेवढी सावधगिरी बरोबर होती. पुढची सगळी चुकली.

काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी सरकायला लागली. खाली सूचना होती की यंत्र बंद करू नका, पडदा काही वेळ काळा होईल, यंत्र आपोआप बंद-चालू होईल. सूचना मी वाचली. दाजी पट्टीकडं बघत होते. पट्टी शेवटाला गेली, पडदा काळा झाला, आणि आतला पंखा जो सुटला, तो उद्यमनगरात ऐकू जाईल असा. नवी आवृत्ती लिहिली जात असताना पंख्यावर कुणाचंच नियंत्रण नसतं, म्हणून तो जीव खाऊन फिरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण पस्तीस वर्षं मशिनीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला एकच गोष्ट माहीत असते. मशीन रेस झालं की आधी बंद करायचं, मग विचार. नाहीतर हात जातो.

‘रेस झालंय!’ दाजी ओरडले आणि त्यांनी चालू-बंदचं बटण अंगठ्यानं दाबलं. दहा सेकंद दाबून धरलं. तोच तो अंगठा.

पंखा थांबला. घरात शांतता पसरली. आक्का आतून म्हणाली, ‘पानं घेतो मी.’

त्यानंतर लॅपटॉप चालू झाला नाही. झाला एवढंच की बटण दाबल्यावर कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करू लागला. थोडी उघडझाप, विश्रांती, पुन्हा उघडझाप. पडद्यावर अंधार.

दाजींच्या शब्दकोशात ‘बिघडलं’ नाही. वस्तू ‘बसते’. इंजिन बसतं, मोटर बसते, जावई रुसून बसतो. ‘बसलंय जरा,’ ते म्हणाले. ‘उठवूया.’

रात्री कट्ट्यावर बैठक झाली. एकानं लॅपटॉप रात्रभर तांदळात पुरायला सांगितलं. मोबाइल पाण्यात पडल्यावर करतात ते. दुसऱ्यानं बॅटरी काढून पंधरा मिनिटं उन्हात ठेवायला सांगितलं. बोका म्हणाला, ‘माझ्या टीव्हीला मी वरनं एक ठेवून देतो, चालू होतोय.’ दाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच केलं नाही. एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. यंत्राच्या बाबतीत ते अंधश्रद्ध नाहीत. त्यांची सगळी श्रद्धा डोळस आहे, फक्त डोळे भलतीकडं असतात.

दुसऱ्या दिवशी मी हिय्या करून राजारामपुरीत दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. दाजी बरोबर आले, पण दुकानात न येता रस्त्यापलीकडं उभे राहिले. आतला पोरगा पंचविशीचा. त्यानं दिव्याची उघडझाप मोजली आणि अंगठ्याएवढा एक काळा प्रोग्रामर आणि आठ दातांचा चिमटा काढून दाखवला. ‘सर, हा चिमटा चिपला लावायचा. आधी जुनं सगळं दोनदा वाचून घ्यायचं, दोन्ही जुळतंय का बघायचं, मग नवं लिहायचं. तुमच्या मशीनचा नंबर त्या चिपमध्येच असतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपमधलं आणून ओतलं तर तुमचं मशीन दुसऱ्याच्या नावानं उठतंय. आणि चिप तीन पॉइंट तीन व्होल्टची का एक पॉइंट आठची, ते न बघता चिमटा लावला तर संपलं.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘पण चार दिवस लागतील. त्याआधी एकदा घरी काडीनं करून बघा. बहुतेक मशीनमध्ये सुरुवातीचा एक तुकडा पुसला जात नाही. तो जिवंत असला तर पेनड्राइव्हवरून सगळं परत उभं करतोय.’

म्हणजे वाडा पडला तरी देवघर शिल्लक असतं. दिवा लुकलुकत होता तो देवघरातला.

पोरगाही ‘काडी’ म्हणाला, हे मी बाहेर येऊन सांगितलं. दाजींची छाती फुगली. ‘कळतंय पोराला,’ ते म्हणाले.

मग तीन दिवस काडीचं पर्व चाललं. वरच्या मजल्यावरच्या मुलीचा संगणक आमच्या सेवेला घेतला गेला. तिची परीक्षा होती. ती ‘हो काका’ म्हणाली, कारण दाजी तिच्याही घरचा मिक्सर दुरुस्त करत होते.

पहिल्यांदा दाजींनी विंडोजमधून चालवायचा मोठा कागद जसाच्या तसा काडीत टाकला. त्याच्या पोटात बायोस असतं, पण ते पोटातून काढायला विंडोज लागतं, आणि विंडोज तर फाटकाबाहेर. अख्खं पोतं चुलीवर ठेवून भात होईल का? आठ वेळा चुलीवर ठेवलं. मग संकटकाळासाठीचा कागद कंपनीच्या पानावर वेगळा असतो हे मी वाचून दाखवलं. दाजींनी तो उतरवून घ्यायचं बटण दाबलं. लगेच काही दिसलं नाही, म्हणून परत दाबलं. वाट बघणं हा प्रकार त्यांच्या अंगात नाही, हे वर आलंच आहे.

दुसरी अडचण काडीची. त्यांची काडी चौसष्ट जीबीची. त्यात भजनं, पेठेतल्या फुटबॉलच्या मॅची आणि आक्काच्या धाकटीच्या लग्नाची साडेचार तासांची चित्रफीत. एकेक फाइल चार जीबीहून मोठी, म्हणून ती काडी एनटीएफएस पद्धतीनं बांधलेली. देवघरात राहिलेल्या त्या इवल्याशा बुद्धीला एवढं येत नाही. तिला एकच जुनी पद्धत वाचता येते, फॅट. विंडोज ९५ च्या काळात, १९९६ साली आलेली फॅट ३२ असली की तिचं भागतं. तीत चार जीबीच्या वरची फाइल मावत नाही, पण बायोसचा सगळा संसार सोळा एमबीचा. काडी फॅट ३२ करू म्हटलं तर विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत तो पर्यायच येईना, कारण बत्तीस जीबीच्या वरच्या काडीला ती खिडकी तो देत नाही.

‘म्हंजे काडी मोठी हाय हीच चूक?’ दाजींना हे पटेना. आयुष्यभर माल कमी पडला म्हणून भांडलेला माणूस.

शेवटी आक्कानं कपाटातून एक काडी काढली. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला सभासदांना वाटलेली, चार जीबीची. कोल्हापुरात सभासदाच्या घरी अशा वस्तू असतातच : स्टीलचा डबा, छत्री, भिंतीवरचं घड्याळ. या काडीवर संस्थेचं नाव आणि एक हिरवा दिवा होता. आक्कानं ती कुठल्या सभेला मिळाली ते वहीत बघून सांगितलं. काडी फॅट ३२ झाली, कागद तिच्यात गेला.

आता विधी. काडी लावायची, चार्जर लावायचा, दोन कळा एकत्र दाबून धरायच्या आणि तशातच चालू-बंदचं बटण दाबायचं. दाजींनी दोन हातांनी कळा धरल्या, मी बटण दाबलं. काडीचा हिरवा दिवा एकदाच लुकलुकला आणि गप्प. कॅप्स लॉक आपला उघडझाप करतोय. परत केलं. परत दिव्यानं एकदा डोळा मारला आणि मिटला. डावं भोक झालं, उजवं झालं. तिन्हीसांजेला वळीव आला, पत्र्यावर गारा वाजल्या, लाइट गेली, आली. दाजींचा ‘होतंय की’ आता जरा बारीक आवाजात येत होता.

तीस तारीख. दुसऱ्या दिवशी निकाल. मी हताश होऊन त्या हिरव्या दिव्याकडं बघत होतो आणि एकाएकी वाटलं, हे मी रोज बघतो. हजेरी घेताना नाव चुकीचं पुकारलं तर मुलगा मान वर करतो, आपल्याला नव्हे असं बघतो आणि परत खाली घालतो. हे यंत्र काडीकडं बघत होतं, पण त्याच्या यादीतलं नाव काही त्याला सापडत नव्हतं.

मी वर गेलो. काडी संगणकाला लावली आणि कंपनीच्या पानावरचं नाव आणि काडीतलं नाव एकेक अक्षर पुकारत गेलो. झेड, ए, सात, दोन, शून्य, बी. सगळं बरोबर. मग चौकट जरा रुंद केली. काडीतल्या नावाला टिंबाच्या आधी एक शेपूट होतं, कंसात एक. दाजींनी दोनदा दाबलं होतं ना. एकाच नावाचे दोन कागद झाले, म्हणून संगणकानं दुसऱ्याला ओळखायला कंसात एक लावला होता, माझ्या नववीत दोन ओंकार आहेत त्यांना मी लावतो तसा. आणि ‘नवा तो चांगला’ म्हणून दाजींनी नेमका दुसरा उचलला होता.

‘दाजी, नाव चुकलंय.’

‘नावात काय असतंय?’ दाजी म्हणाले. ‘कागद त्योच हाय न्हवं? वळखायला नगो?’

या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी कुठल्याही नावानं ओळखलं होतं. यंत्राचं मात्र रेशनदुकानासारखं असतं. कार्डावरचं नाव एका वेलांटीनं चुकलं तर साखर मिळत नाही, मग समोर उभा असलेला माणूस दुकानदाराचा सख्खा साडू का असेना. मी कंसातला एक खोडला. एवढं एकच अक्षर आणि त्याचे दोन कंस. तीन दिवस यांच्यामुळं गेले होते.

खाली येऊन विधी केला. हिरवा दिवा लुकलुकला, आणि लुकलुकतच राहिला. सरळ, न थांबता, चुलीवर डाळ शिजावी तसा. पडद्यावर पांढरी पट्टी आली. दाजींनी आवंढा गिळला. आणि मग पंखा सुटला.

तोच आवाज. मी दाजींच्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठा थरथरत होता. त्यांना सगळं कळत होतं, मी सूचना तीनदा मोठ्यानं वाचली होती. पण लेथवरची अख्खी हयात त्या अंगठ्यात होती आणि ती सूचना वाचत नव्हती. तेवढ्यात आक्का आतून आली. तिनं काही न बोलता लसणाचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. ‘रश्शाला लागतोय. सोला.’

दाजींनी सोलला. पंखा किंचाळत होता, पडदा काळा झाला होता, यंत्र एकदा बंद झालं, आपोआप चालू झालं, परत बंद झालं. दाजी खाली मान घालून लसूण सोलत होते. दहा मिनिटांत तीन गड्डे झाले. एवढा लसूण त्या घरात दिवाळीलाही लागत नाही. मग पंखा खाली आला आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं.

‘आलं!’ दाजी लसणाच्या हातानं टाळी वाजवून उभे राहिले. ‘म्हटलं न्हवतं? होतंय की!’

आणि पडदा निळा झाला. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली द्या.

हेही समजून घ्यायला हवं. डिस्कला कुलूप असतं, आणि उघडण्याआधी ते बघतं की दार उघडणारा नेहमीचाच आहे ना. शिपाई नवा आला. कुलूप म्हणालं, तुला मी ओळखत नाही, मालकाला किल्ली घेऊन यायला सांग. दुकानातल्या पोरानं छापून दिलेला कागद तो हाच. मूळ कागद धुण्यात गेला होता का ठाऊक नाही, पण आक्का उठली आणि चित्रगुप्त घेऊन आली. दोन वर्षांमागच्या पानावर, म्हशीचं दूध दीड लिटर आणि गॅसची तारीख यांच्यामध्ये शीर्षक होतं : ‘बाळूच्या लॅपटॉपचा लांब नंबर’. खाली सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

दाजी वाचायला लागले, मी दाबायला. पाच गट गेले. सहावा नाकारला. परत दाबला, परत नाकारला. प्रत्येक गटाला अकरानं पूर्ण भाग जावा लागतो, म्हणून एक आकडा चुकला तरी यंत्र तिथंच अडवतं, हे मी सांगितलं तेव्हा दाजींचे डोळे चमकले. ‘म्हंजे दर गटाला गेज हाय! गो का नो-गो!’ तीन दिवसांत पहिल्यांदा त्या डब्यात त्यांना त्यांच्या उद्यमनगरातलं काहीतरी भेटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, वही उजेडात नेली आणि स्वतःचीच चूक काढली. ओळ संपत होती तिथं त्यांनी पुढचा आकडा खालच्या ओळीतून न घेता शेजारच्या दुधाच्या नोंदीतला ‘१॥’ मधला एक घेतला होता.

‘दूध मोजलं मी,’ ते म्हणाले.

बरोबर आकडा दाबला. गट पास झाला. आठही झाले. विंडोज आलं. नववीची दोन्ही तुकड्यांची मुलं आपापल्या गुणांसह जागेवर होती, दोन्ही ओंकारही. मी आधी सगळं दुसरीकडं उतरवून घेतलं आणि मगच जेवलो. रस्सा लसणानं भरलेला होता. कुणी काही बोललं नाही.

जेवण झाल्यावर बघितलं तर दाजी वही घेऊन बसले होते. ड्रॉइंगवर आकडे घालतात तशा सुबक, सरळ अक्षरांत त्यांनी त्या कागदाचं पूर्ण नाव उतरवून काढलं होतं : झेडपासून टिंबापर्यंत आणि टिंबापुढचंही. त्यांनी कशाचंही पूर्ण नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. खाली आक्कानं आधीच एक ओळ घातली होती : ‘३० एप्रिल. ह्यांनी बसवला, ह्यांनीच उठवला. लसूण ३ गड्डे.’

‘ह्यांनी म्हंजे कोण? नाव लिव्ह की,’ दाजी म्हणाले. ‘नावाशिवाय चालत न्हाई आता.’

आक्का हसली आणि भांडी घेऊन आत गेली. पस्तीस वर्षांत तिनं त्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं मी ऐकलेलं नाही. मिनिटभरानं आतून हाक आली, ‘अहोऽ’.

आडनाव नाही, टिंब नाही, टिंबापुढचं काही नाही. दाजी पहिल्या हाकेला उठले.